फ्रिजमधला मासा, जिवाणूंचा कोरम आणि तो वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर कोल्हापूर, शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं. त्यामुळं बिल्डिंगमधलं, पाहुण्यातलं कुणीही मासे आणले की पहिला फोन मला येतो, "वैनी, परवा आणलेली सुरमई हाय, खाऊ का टाकू?" मटणाबद्दल कोल्हापूरकराला कुणी काही शिकवायची गरज नाही, सकाळी कापलेलं दुपारी रश्श्यात असतं. मासा मात्र आंबा घाट नाहीतर गगनबावडा चढून येतो, बंदरावर उतरल्यापासून आपल्या ताटात येईपर्यंत त्याचा एक-दोन दिवसांचा प्रवास सहज झालेला असतो आणि त्यावर आपण त्याला अजून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवतो. त्या दोन दिवसांत आत काय चालतं हे कळलं तर बरेच पैसे आणि पोटं वाचतील, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलंय.

मासा फ्रिजमध्येच होता की, मग खराब कसा झाला?

फ्रिज म्हणजे थांबा असं आपण समजतो, पण तो फक्त हळू करतो. मासा मेल्यावर पहिले काही तास-दिवस त्याच्या स्वतःच्या अंगातले एन्झाइम (पदार्थ मोडणारी प्रथिनं) काम करत असतात, ताज्या माशाची ती गोडसर चव ज्यामुळं येते ते पदार्थ हळूहळू मोडत जातात. या टप्प्यात मासा फिका लागतो, वास मारत नाही. वास आणि चिकटपणा हे पुढचं काम, आणि ते जिवाणूंचं. ताज्या माशाच्या कातडीवर, कल्ल्यात आणि आतड्यात जिवाणू आधीपासूनच असतात, मांस आतून जवळपास निर्जंतुक असतं. मासा जिवंत असताना त्याची प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरते, मेला की आवरणारं कुणी उरत नाही. मग थंडी सोसणारे जे असतात ते पुढं येतात.

जिवाणू एकमेकांशी बोलतात असं ऐकलं. खरंच? त्यांना तोंड कुठाय?

तोंड नाही, रसायन आहे. प्रत्येक जिवाणू एक छोटासा रेणू बनवून बाहेर सोडत राहतो. जिवाणू थोडे असले की तो रेणू पाण्यात विरून जातो, कुणाला पत्ता लागत नाही. संख्या वाढली की त्या रेणूचं प्रमाणही आजूबाजूला वाढतं आणि एका मर्यादेच्या वर गेलं की तोच रेणू परत जिवाणूच्या आत जाऊन, किंवा त्याच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या खाचेला) चिकटून, काही जीन्स चालू करतो. म्हणजे जिवाणूला एका अर्थानं कळतं की आता आपण पुरेसे झालोय.

याला शास्त्रात कोरम सेन्सिंग म्हणतात आणि कोरम हा शब्द कोल्हापूरच्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. दूध संस्थेची वार्षिक सभा असते, वेळ झालेली असते, चेअरमन खुर्चीत बसलेले असतात, पण सभासद पुरेसे जमलेले नसतात म्हणून विषयपत्रिकेला हात लावत नाहीत. कोरम भरला की मग ठराव, मंजुरी, सगळं भराभर. जिवाणूंचं अगदी तसंच, एक फरक सोडून: आपल्याकडं कोरम नसला तर सभा तहकूब करून अर्ध्या तासानं घेता येते, जिवाणूंना ती सवलत नाही, त्यांना खरोखर गर्दी जमावीच लागते.

हे कुणी शोधलं आणि माशाशी त्याचा संबंध कधी लागला?

गंमत म्हणजे सुरुवातच समुद्रातून झाली. १९७० साली अमेरिकेत नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी एका चमकणाऱ्या सागरी जिवाणूवर काम करताना बघितलं की संख्या कमी असताना तो चमकतच नाही, गर्दी झाली की एकदम उजेड पाडतो. १९८१ मध्ये त्या जातीचा निरोप्या रेणू कुठला हे कळलं, तो एएचएल नावाच्या कुटुंबातला निघाला. 'कोरम सेन्सिंग' हे नाव १९९४ साली फुका, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांनी दिलं. पुढं बॉनी बॅसलर यांच्या कामातून एआय-२ नावाचा दुसरा रेणू पुढं आला, तो वेगवेगळ्या जातींना एकमेकांचा अंदाज घ्यायला उपयोगी पडतो.

तो चमकणारा जिवाणू हवाईच्या एका चिमुकल्या माकूळच्या (स्क्विडच्या) पोटाखाली राहतो, आणि हे माकूळ रोज पहाटे त्यातले सुमारे ९५ टक्के जिवाणू बाहेर टाकून देतं. म्हणजे कोरम मोडतं. मग दिवसभर ते परत वाढतात आणि रात्री उजेड. मला ही गोष्ट फार आवडते, कारण मासा साफ करून ठेवताना आपण थोड्याफार प्रमाणात हेच करत असतो.

अन्न नासण्याशी हा धागा जोडण्यात डेन्मार्कच्या संशोधक लोन ग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम मोठं आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून थंड साठवलेल्या मासे-मांसात त्यांना एएचएल रेणू आणि ते बनवणारे जिवाणू सापडत गेले.

पण बोलणं आणि नासणं याचा थेट पुरावा काय? दोन्ही एकाच वेळी होतात एवढंच ना?

हा प्रश्न ज्यानं विचारला त्याला माझा नमस्कार, कारण बरोबर इथंच लोक घसरतात. गर्दी झाल्यावर नासणारच, त्यात बोलण्याचा वाटा किती हे वेगळं दाखवावं लागतं. सगळ्यात स्वच्छ पुरावा माशातला नाहीच, दुधातला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात सेराशिया प्रोटियामॅक्युलन्स या जिवाणूचा निरोप्या बनवणारा जीन निकामी केला. मूळ जिवाणू दुधात टाकला तर दूध नासलं, मुका केलेला टाकला तर तो वाढला पण दूध तसं नासलं नाही, आणि मग त्याच मुक्या जिवाणूसोबत बाहेरून तो रेणू टाकला तर परत नासलं. संख्या असून आदेश नाही म्हणून काम नाही, आदेश दिला की काम सुरू, यापेक्षा सरळ काय पाहिजे. दूध संस्थांच्या जिल्ह्यात राहून हे वाचलं तेव्हा मी लगेच सासूबाईंना वाचून दाखवलं होतं, त्या म्हणाल्या "म्हंजे फुटीर दूध पण ठराव करून फुटतं व्हय."

त्या ठरावात काय असतं तर प्रथिनं तोडणारे प्रोटिएज, चरबी तोडणारे लायपेज असे एन्झाइम बाहेर सोडणं. आता विचार करा, एकट्या जिवाणूनं प्रोटिएज सोडलं तर ते इकडंतिकडं वाहून जाणार, त्याच्या पदरात काही पडणार नाही, खर्च मात्र त्याचा. लाखो जणांनी एकाच वेळी सोडलं तर मांस विरघळतं आणि सगळ्यांनाच खायला मिळतं. म्हणून थांबायचं आणि मग एकदम तुटून पडायचं. माशाच्या बाबतीत आपल्याला दोन दिवस काही कळत नाही आणि तिसऱ्या दिवशी अचानक सगळंच बिघडल्यासारखं वाटतं त्यात याचाही हात आहे.

नेमके कुठले जिवाणू? साल्मोनेला वगैरे का?

नाही, ते आजार करणारे, वेगळं खातं. मासा नासवणारे वेगळे आणि त्यांची नावं कुणाला माहीत नसतात. बर्फातल्या आणि फ्रिजमधल्या समुद्री माशात मुख्य म्हणजे शिवानेला आणि स्यूडोमोनास. हवा काढलेल्या पॅकमध्ये फोटोबॅक्टेरियम फॉस्फोरियम आणि लॅक्टिक ॲसिडवाले. गोड्या पाण्याच्या माशात स्यूडोमोनास आणि एरोमोनास. माशावर शेकडो जाती असतात पण नासवायचं खरं काम यातल्या मोजक्याच करतात, म्हणून नुसती 'एकूण जिवाणू किती' ही मोजणी कधीकधी फसवते.

यातला एरोमोनास हायड्रोफिला एएचएल बनवतो आणि त्याची प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स या एएचएलच्या हुकमात चालतात हे चांगलं अभ्यासलेलं आहे.

शिवानेला बाल्टिकाची कथा जास्त रंजक आहे, त्यामुळं जरा थांबते. हा स्वतः एएचएल बनवत नाही. पण चीनमध्ये पिवळ्या क्रोकर माशावर (आपल्या घोळ-ढोम्याच्याच कुळातला) काम करणाऱ्यांना दिसलं की तो दुसऱ्या प्रकारचे रेणू वापरतो, दोन अमिनो आम्लांचं छोटं कडं असतं तसले, आणि ते रेणू जास्त मिळाले की त्याचं नासवायचं काम वाढतं: ट्रायमिथाइल अमाइन, हायड्रोजन सल्फाइड, प्युट्रेसिन, सगळी दुर्गंधीची मंडळी. म्हणजे माशावर एकच भाषा चालत नाही, तीन-चार चालतात आणि शेजाऱ्याची कळत असली तर तीही ऐकली जाते.

तो टिपिकल वशाट वास नक्की कशाचा?

समुद्री माशाच्या अंगात टीएमएओ नावाचा पदार्थ असतो, खाऱ्या पाण्यात शरीराचं संतुलन राखायला लागतो, त्याला स्वतःला वास नाही. शिवानेलासारखे जिवाणू ऑक्सिजन कमी पडला की त्याचा श्वासासाठी वापर करतात आणि मागं उरतं ट्रायमिथाइल अमाइन. हाच तो वास. नंतर गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा येतो तो हायड्रोजन सल्फाइड. मोरी-मुशीचं थोडं वेगळं आहे, तिच्या अंगात युरिया खूप असतो म्हणून तिला अमोनियाचा, नाकात जाणारा वास लवकर येतो.

नदीचा मासा कमी वास मारतो, म्हणजे तो जास्त टिकतो?

नाही नाही नाही. कटला, रोहू, मरळ यांच्या अंगात टीएमएओ फारच थोडा, मग त्यापासून होणारा वासही थोडा. बांगड्यावर तयार झालेलं नाक घेऊन तुम्ही कटला तपासायला गेलात तर फसणार. गोड्या पाण्यातल्या माशाला कल्ल्याचा रंग बघा, बोटानं दाबून बघा, कातडीवरचा थर दोन बोटांत घेऊन बघा. ताज्याचा थर पातळ आणि पारदर्शक असतो, बोटं लांब केली की लगेच तुटतो. खराब व्हायला लागलेल्याचा थर दुधट होतो आणि बोटं लांब केली की तार धरतो, पाकाची तार बघतो तशी. ती तार बघितली की मी पुढचं काही तपासत नाही.

आणि काही तळ्यातल्या माशाला मातकट वास येतो तो नासल्याचा नव्हे, पाण्यातल्या शेवाळ-जिवाणूंपासून आलेला असतो, तो मासा ताजा असला तरी येतो.

कोरम भरायला किती जिवाणू लागतात?

एकच आकडा नाही. जात, रेणू किती लवकर विरतो, जागा किती बंदिस्त, यावर ठरतं. चिकट थराच्या आत किंवा कल्ल्याच्या घड्यांत रेणू साठून राहतो त्यामुळं तिथं कमी संख्येतही कोरम भरू शकतो. पण ढोबळ चित्र असं की ताज्या माशाच्या कातडीवर चौरस सेंटिमीटरला शेकडो ते काही हजार जिवाणू असतात आणि ग्रॅमला १ कोटी ते १० कोटीच्या घरात गेले की आपल्याला नाकानं कळतं.

आता हिशोब करा. १ हजाराचे १ कोटी व्हायला फक्त तेरा-चौदा दुपटी लागतात. दर बारा तासांनी दुप्पट होत असतील तर जवळजवळ सात दिवस मिळतात, सहा तासांनी होत असतील तर साडेतीनच. आणि मासा घेतानाच हजाराऐवजी लाख असतील तर निम्म्या दुपटी आधीच खर्ची पडल्यात. फ्रिजला दोष देण्याआधी मासा फ्रिजमध्ये आला तेव्हा कितव्या दुपटीवर होता हे विचारायला पाहिजे.

माझा फ्रिज ४ डिग्रीला आहे, एवढं थंड पुरत नाही?

हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बसवलेलं एक ढोबळ सूत्र मासेवाले जगभर वापरतात: तापमानाला दहानं भागा, त्यात एक मिळवा, आलेल्याचा वर्ग करा. शून्य डिग्रीला उत्तर १. चार डिग्रीला जवळपास २. सातला जवळपास ३. दहाला ४. म्हणजे वितळत्या बर्फात जो मासा आठ दिवस टिकला असता तो चांगल्या चालणाऱ्या फ्रिजमध्ये चारच दिवस टिकणार, आणि एप्रिल-मेमध्ये दर दहा मिनिटांनी पाण्याच्या बाटलीसाठी दार उघडणाऱ्या घरात तीनच. दाराच्या कप्प्यात ठेवला तर विचारूच नका.

पाणी भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बघा. मी बघितलं तेव्हा आमचा ८ दाखवत होता, आणि आम्ही तोपर्यंत फ्रिजवर फार विश्वास टाकून होतो.

उपाय साधा: फ्रिजमध्येसुद्धा मासा बर्फातच ठेवायचा. खोलगट भांडं, त्यात चाळणी, चाळणीत बर्फ, त्यावर मासा, वर परत बर्फ, झाकण. वितळलेलं पाणी खाली पडतं, मासा त्यात बसत नाही. पाणी रोज फेकून नवीन बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो, नुसत्या गार हवेला हे जमत नाही. तुकडे केलेले असतील तर आधी डब्यात किंवा पिशवीत भरून मग बर्फात, नाहीतर पाण्यानं चव धुऊन जाते.

अजून एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्या कोमट समुद्रातल्या माशांवरच्या जिवाणूंना थंडीची सवय नसते, त्यामुळं आपला मासा बर्फात उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या माशांपेक्षा साधारणपणे जास्त दिवस टिकतो. पण नीट बर्फात ठेवला तरच. अर्धवट गार ठेवला तर हा फायदा आपण आपल्या हातानं घालवतो.

थंडीत त्यांचं बोलणं बंद नाही होत?

होत नाही, मंदावतं. वाढ मंदावते, रेणू बनायला वेळ लागतो, पण स्यूडोमोनास आणि शिवानेला हे थंडी सोसणारेच आहेत, फ्रिजमध्ये इतर जाती मागं पडल्यामुळं त्यांना उलट रान मोकळं मिळतं. आणि हे दोघं एकमेकांचे मित्र नाहीत बरं का, स्यूडोमोनास लोह ओढून घेणारे पदार्थ सोडून शिवानेलाला उपाशी ठेवू शकतो.

एक बारकावा म्हणजे एएचएल रेणू अल्कलीत टिकत नाही, त्याचं कडं उघडतं आणि तो निकामी होतो. मासा नासत जातो तसा अमाइन-अमोनियामुळं अल्कलीकडंच झुकतो. म्हणजे खूप उशिरा निरोप आपोआप पुसट व्हायला लागतात, पण तोवर आपल्या दृष्टीनं मासा गेलेला असतो.

हळद-मीठ-लसूण लावून ठेवला की जिवाणूंचं बोलणं बंद पडतं असं वाचलं.

अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं फार धोक्याचं असतं. हळदीतलं कर्क्युमिन, लसणातलं अजोईन, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतलं युजेनॉल, व्हॅनिलिन हे प्रयोगशाळेत काही जिवाणूंच्या कोरम सेन्सिंगमध्ये अडथळा आणतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. पण ते शुद्ध केलेले, मोजून दिलेले, काचेच्या नळीत. आपण चमचाभर हळद चोळतो, त्यातलं कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळतसुद्धा नाही. मीठ पाणी ओढून घेतं, कोकम-लिंबू आंबटपणा वाढवतं, त्यानं जिवाणूंची वाढ थोडी मंदावते, ते चांगलंच आहे. एका रात्रीपुरतं मॅरिनेट करून ठेवा, मी पण ठेवते.

पण आंबट लावल्यावर वास कमी होतो त्याचं कारण वेगळं आहे. आम्ल ट्रायमिथाइल अमाइनला धरून ठेवतं, मग ते उडून नाकापर्यंत येत नाही. मासा तोच, जिवाणू तेवढेच, फक्त खबर पोचत नाही. म्हणून मसाला लावायच्या आधी वास घ्यायचा, नंतर नाही. कोकम-तिरफळाचं आमच्या माहेरी कौतुक आहे पण खराब मासा सुधारायला ते कुणी वापरत नाही, आई तर अशा माशाला हातच लावायची नाही.

मग त्यांना गप्प करायचा पक्का मार्ग कुणी काढलाय का?

प्रयत्न जोरात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर डेलिसिया पुल्क्रा नावाचं लाल समुद्रशैवाल आहे, ते अंगावर जिवाणूंचा थर बसू देत नाही, आणि त्यासाठी फ्युरॅनोन नावाचे रेणू बनवतं जे एएचएलची जागा अडवतात. दुसरं म्हणजे बॅसिलस जातीतल्या जिवाणूत लॅक्टोनेज एन्झाइम सापडलं, ते एएचएलचं कडं सरळ उघडून टाकतं. शत्रूला मारायचं नाही, फक्त त्याचा निरोप पोचू द्यायचा नाही. मारलं की सोसणारे उरतात आणि वाढतात, गप्प केलं तर तो दबाव कमी असतो, निदान आशा तशी आहे. लॅक्टोनेज माशाला लावून टिकवायचे प्रयोग झालेत, पॅकिंगच्या फिल्ममध्ये असे पदार्थ घालायचेही चाललेत. फ्युरॅनोन मात्र विषारी असल्यामुळं अन्नात चालायचे नाहीत. आज बाजारात जाऊन विकत आणावं असं घरगुती काही मी सुचवू शकत नाही, बर्फ सोडून.

सगळा दोष बोलण्याचाच का?

नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण नवीन शोध आला की सगळं त्याच्याच खात्यावर टाकायची सवय असते. शिवानेला टीएमएओ वापरतो ते मुळात ऑक्सिजन संपल्यावर जगायची सोय म्हणून. काही जाती ठरावाशिवायही नासवतात. काहींमध्ये निरोप्या काढून टाकला तरी फारसा फरक पडला नाही असेही निकाल आहेत. कोरम सेन्सिंग हा नासण्याचा वेग आणि वेळ ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे, मोठा आहे, एकटा नाही.

वास नाही, दिसायलाही बरा आहे, मग बिनधास्त खायचा?

बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्याबाबत बिनधास्त नाही. यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि मॉर्गनेलासारखे काही जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. हे मुख्यतः मासा उन्हात, उबेत राहिला तेव्हा होतं, पण एकदा त्यांचं एन्झाइम तयार झालं की नंतर गार केलं तरी ते काम चालू ठेवू शकतं. हिस्टामीन शिजवून, तळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात, कधी काही मिनिटांतच तोंड लाल, अंग खाजणं, डोकं दुखणं, धडधड असं होतं, लोक म्हणतात माशाची ॲलर्जी झाली, आणि पुन्हा कधी मासा खात नाहीत. असं झालं तर डॉक्टरांना मासा कुठला होता हे आवर्जून सांगा, आणि श्वास लागत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आमच्याकडं एकदा झालंय. ओळखीच्या गाडीतून बांगडा आला, पेटीत बर्फ नावाला, वर ओलं गोणपाट. वास ठीक होता म्हणून मी घेतला, इतकं शिकूनही घेतला. रात्री धाकट्या दिराचं तोंड आणि मान लालभडक. तेव्हापासून मी माशाआधी पेटीतला बर्फ बघते: मासा जेवढा तेवढा बर्फ असला पाहिजे, किलोला किलो.

कोळंबी डोक्याशी काळी पडते ती जिवाणूंमुळं का?

नाही, ते तिचं स्वतःचं एन्झाइम, कापलेलं सफरचंद काळं पडतं तसलंच. दिसायला वाईट पण तेवढ्यावरून टाकू नका. काळं आणि वर अमोनियाचा वास असेल तर टाका. डोकं लवकर काढलं तर काळं पडणं बरंच कमी होतं.

व्हॅक्युम पॅक घेतला तर प्रश्नच मिटला ना?

हवा लागणारा स्यूडोमोनास मागं पडतो, खरं. पण हवेशिवाय चालणारे पुढं येतात. आणि एक गंभीर गोष्ट, क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचा ई प्रकार ३.३ डिग्रीलाही वाढू शकतो आणि त्याला हवा नकोच असते. त्यामुळं व्हॅक्युम पॅकमधला फ्रोझन मासा फ्रिजमध्ये वितळवताना पिशवीला आधी चीर द्या. हे पाकिटावर बारीक अक्षरात कुठंतरी असतं, वाचत कुणी नाही.

फ्रीझरमध्ये टाकला तर जिवाणू मरतात?

बरेचसे झोपतात, थोडे मरतात. उणे १८ला वाढ थांबते, बाहेर काढला की जिथं थांबले तिथून पुढं चालू. म्हणून 'आज राहू दे, उद्या नाही जमलं तर फ्रीझरला टाकू' हे उलटं आहे, ठेवायचाच असेल तर आणल्या दिवशी टाका. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत मिळणारा बराचसा मासा बर्फाच्या कोठारातला किंवा लांबून आलेला असतो, तो आपण आणून, वितळवून, परत गोठवू नये. बांगडा-तारलीसारखा तेलकट मासा फ्रीझरमध्ये जिवाणूंशिवायही खवट होतो, त्याला दोन-तीन महिन्यांच्या वर ठेवू नका.

घरी आणल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

कल्ले आणि आतडी काढा, हे पहिलं. सगळ्यात मोठी वस्ती तिथंच असते, कोरम आधी तिथंच भरतो आणि तिथली एन्झाइम्स पोटाकडून मांस खायला लागतात. पोटाच्या आतली मणक्यालगतची काळसर रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखानं खरवडून काढा, बहुतेक लोक ती सोडतात. वाहत्या गार पाण्याखाली धुवा, टिपून कोरडा करा, बर्फात. बाजारवाल्यानं साफ करून दिला असेल तरी ती रेघ बघाच.

जुना आणि नवा मासा एका डब्यात घालू नका. हे मी कितीजणांना सांगितलं असेल. परवाच्या माशाच्या पाण्यात जिवाणूही असतात, त्यांचे एन्झाइम आणि त्यांचे निरोपसुद्धा असतात. ताज्या माशाला तयार गर्दी आणि तयार ठराव दोन्ही आयते मिळतात.

बोर्ड, सुरी, थर्माकोलची पेटी धुतली की झालं ना?

धुण्याधुण्यात फरक आहे. जिवाणू पृष्ठभागावर चिकटून स्वतःभोवती चिकट घर बांधतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि ते बांधणं बऱ्याच जातींमध्ये याच निरोपांवर चालतं. नुसतं पाणी ओतून ते जात नाही. साबण लावून घासायचं, गरम पाणी, आणि मग उन्हात पूर्ण कोरडं. चरे पडलेला प्लास्टिकचा बोर्ड बदलून टाका, चऱ्यात ब्रश पोचत नाही. थर्माकोलची पेटी एकदा वापरली की मासे ठेवायला परत वापरू नये, तिची छिद्रं घासून निघत नाहीत, तिच्यात कोथिंबीर लावा.

उरलेलं कालवण किती दिवस?

फ्रिजमध्ये दोन दिवस, उकळून. माशाचे मूळ जिवाणू शिजताना मेलेत, आता जे येतील ते चमचा आणि हवेतून येणारे नवे. कालवण भांड्यासकट ओट्यावर रात्रभर ठेवू नका, दुसऱ्या दिवशी मुरलेलं छान लागतं हे मान्य, पण मुरायला ते फ्रिजमध्येही मुरतं.

रात्री लाईट गेली, फ्रिज उघडला तर मासा निळसर चमकत होता! भूतबाधा नाही ना?

हा फोन मला खरंच आला होता, आणि त्या काकू फार घाबरल्या होत्या. भूत नाही, फोटोबॅक्टेरियम. तो स्वतः उजेड पाडतो, समुद्री माशावर असतो, फ्रिजच्या थंडीत आरामात वाढतो. नेहमी फ्रिजचा दिवा लागतो म्हणून दिसत नाही, लाईट गेली म्हणून दिसलं. आपल्या डोळ्यांना दिसण्याइतकी चमक आली म्हणजे त्या जागी त्यांची संख्या भरपूर झालेली आहे. काकूंना म्हटलं मासा टाका, भांडं साबणानं घासा आणि टाकायच्या आधी पाच मिनिटं अंधारात नातवाला दाखवा. नातवानं दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "काकी, ते आता आपापसात काय बोलत असतील?"